कॉर्नरच्या झेंड्याजवळची जागा

नाशिक, १४ डिसेंबर १९९७

श्री. दीपक चिमाजी विधाते,
अध्यक्ष, क्रीडा मंडळ,
यांस,

हे पत्र अध्यक्षांना आहे. भावाला लिहायचं मी त्याच्या निकिताच्या साखरपुड्यानंतर सोडून दिलं. आधी फोन करून पाहिला, तर तुझी बायको म्हणाली, "ते पूजेला बसलेत, आक्का." संध्याकाळी केला, तरी पूजाच. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला फोनमागची कुजबुज ऐकू येते, एवढं छायाला सांगून ठेव. म्हणून एकाच गावात राहून टपाल.

पाटाजवळच्या मैदानात पावसाचं पाणी साचायचं, म्हणून तुम्ही मुरूम टाकून ते उचलून घेतलंत. कंपाउंडची भिंत घातलीत, गॅलरी बांधलीत. चांगलं केलंत. आत जायला पायऱ्या केल्यात आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आडवेतिडवे लोखंडी पाइप रोवलेत. का, तर गाई आणि मोटारसायकली आत शिरू नयेत. गाई अडल्या. माझा मुलगाही अडला.

अध्यक्षांना माहीत नसेल म्हणून लिहिते. मुलाचं नाव ज्ञानेश. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. हातानं पेडल मारायची तीनचाकी चालवतो, एसटीडी बूथ चालवतो, आणि त्याला फुटबॉलचं वेड आहे. लिंबाच्या झाडाखाली मातीचा उतार होता, तिथून तो मैदानात यायचा आणि कॉर्नरच्या झेंड्याशी गाडी लावायचा. ती जागा त्याला कुठल्या मंडळानं दिली नव्हती. आमच्या वडिलांनी त्याला फुलांच्या हातगाडीत बसवून पहिल्यांदा तिथं आणलं, तेव्हापासून ती त्याची. अंबडच्या कारखान्यातल्या पोरांचा संघ त्याचा. त्यांचा गोलकीपर गोरक्ष, प्रेसवर काम करतो, तो त्या बाजूच्या गोलात असला की दोघांच्या मॅचभर गप्पा चालायच्या.

गेल्या रविवारी तुमच्या चषकाचा पहिला सामना झाला. ज्ञानेश भिंतीबाहेर होता. गेटवर शेंगा विकणारी लंकाबाई मला म्हणाली, "ग्यानूभाऊ भितीकडं तोंड करून बसला व्हता, आक्का. आतून गलका झाला की मला इचारायचा, कोणी मारला? आता मी शेंगा इकू का गोल पाहू?"

मला तो म्हणाला की सामना चांगला झाला.

पाइप काढा. पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधा. झेंड्याजवळची जागा मोकळी ठेवा. त्याला स्वतःच्या हातांनी आत यायचं आहे आणि खेळ पाहायचा आहे. याउपर त्याचं मंडळाकडे काही मागणं नाही.

सुवर्णा मौले
निवृत्त पर्यवेक्षिका


२८ जानेवारी १९९८

दीपक,

मी उतार मागितला, तू निमंत्रणपत्रिका पाठवलीस. अंतिम सामन्याच्या दिवशी 'जिद्दी क्रीडाप्रेमी' म्हणून ज्ञानेशचा सत्कार. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, "आई, आत तर जायला मिळेल."

आत गेला. तुझ्या चार कार्यकर्त्यांनी त्याला गाडीतून काढून खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. एक म्हणाला, "पायाकडून धर रे." दुसरा म्हणाला, "पाय हाताला लागतच नाय." चौघंही हसले. ज्ञानेशही हसला. लहानपणापासून तो असं आधी हसून घेतो, म्हणजे समोरच्याला अवघड वाटत नाही.

शाल झाली, नारळ झाला. तुमचे प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले, "यांच्याकडे पाहिलं की आपण आपल्या पायांचे आभार मानले पाहिजेत." टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास, मी गॅलरीतून पाहत होते. मग पुढचा सत्कार आला आणि ज्ञानेशची खुर्ची मागे सरकवली. पुढे सोफे, सोफ्यावर पाहुणे, पाहुण्यांच्या डोक्यावर फेटे. अंबडची पोरं फायनल खेळत होती आणि माझ्या मुलानं पूर्ण सामन्यात एका फेट्याचा तुरा पाहिला.

आम्ही शाळेत असताना सिस्टर अगाथा म्हणायच्या, एखाद्याला काही द्यायचं नसेल तर त्याला हार घाला. त्यांची मराठी मोडकी होती, डोकं नव्हतं.

शाल चांगल्या प्रतीची आहे. घरी आल्याआल्या मी ती धुतली. नवी कोरी शाल का धुवावी लागली, ते विचारू नकोस.

ज्ञानेशनं तुला एवढाच निरोप दिलाय: "मामाला सांग, मला उचलू नका."

सुवर्णा


२१ नोव्हेंबर १९९९

चि. दीपक यास अनेक आशीर्वाद.

तू परवा बूथवर येऊन गेलास, हे मला आधी ज्ञानेशनं सांगितलं नाही. समोरच्या चहावाल्यानं सांगितलं. मग ज्ञानेश म्हणाला, "मामा आले होते. अर्धा चहा पिऊन गेले. उतार बांधतायत, आजोबांच्या नावानं."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

तुझं माझं बोलणं का बंद झालं, हे दोघांनाही ठाऊक आहे. साखरपुड्याला मुलाकडची मंडळी घरात असेपर्यंत तू ज्ञानेशला आतल्या खोलीत बसवलंस. हातात पेढ्याची बशी दिलीस, पंखा लावून दिलास आणि दार ओढून घेतलंस. घराण्यात दोष आहे असं त्यांना वाटायला नको, म्हणून. ते मी विसरलेले नाही आणि विसरेन असंही लिहीत नाही. पण ज्या माणसानं एक दार लावलं त्यानं दुसरं उघडायला घेतलं असेल, तर त्याच्या अंगावर ओरडत बसण्याइतकी मी मूर्ख नाही.

दादांच्या नावानं, हे बरं केलंस. तुला आठवत नसेल, तू रांगत होतास. दादा चॅपलसाठी निशिगंध घेऊन कॉन्व्हेंटला जायचे, मागच्या दारानं. फुलं, भाजी, दूध, सगळं मागच्या दारानंच. एक दिवस मदर सुपीरियर म्हणाल्या की मुलीला शाळेत पाठव. पहिल्या दिवशी दादांनी मला पुढच्या फाटकाशी नेलं. पहारेकरी म्हणाला, "माळीबाबा, तुमचं दार मागं." दादा म्हणाले, "फुलं मागच्या दारानं जातील. पोरगी पुढच्यानं जाईल." आणि ते फाटक उघडेपर्यंत तिथंच उभे राहिले. मला प्रार्थनेला उशीर झाला म्हणून पहिल्याच दिवशी छडी बसली, ती गोष्ट वेगळी.

तोच माणूस ज्ञानेशला हातगाडीत घालून मैदानावर घेऊन गेला. बाकी सगळे म्हणत होते, पोराला खेळ दाखवून जीव कशाला तळमळवता. दादा म्हणाले, "पाहू तर दे."

ज्ञानेश रोज बूथ बंद करून मैदानाकडून घरी येतोय. उतार कुठवर आला ते पाहून येतो. गवंड्याशी त्यानं ओळख काढली आहे. पाइप निघाले, असं काल सांगत होता. गाडीला नवे टायर घातलेत. जेवताना अंबडच्या संघात कोण कोण आहे ते मला ऐकवतो, मला त्यातलं काही कळत नाही, तरी मी ऐकते.

छायाला आणि निकिताला आशीर्वाद.

तुझी,
आक्का


३ जानेवारी २०००

दीपक,

काल उद्घाटनाच्या गर्दीत तू मला म्हणालास, "आक्का, घरी जा, आपण नंतर बोलू." मला बोलायचं नाही. लिहून देते म्हणजे जपून ठेवता येईल.

उतार उत्तम झाला आहे. सिमेंटचा, खरखरीत केलेला, दोन्ही बाजूंना रेलिंग. त्याच्या पायथ्याशी, बरोबर मधोमध, कमरेएवढा चौथरा बांधून तुम्ही कोनशिला बसवलीत. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर प्रमुख पाहुण्यांचं नाव, खाली तुझं, मग चिटणीस, खजिनदार, सगळी कार्यकारिणी, आणि शेवटी 'कै. चिमाजी विधाते यांच्या स्मरणार्थ, अपंग बांधवांच्या सेवेत'.

तिथंच का, म्हणून मी तुझ्या चिटणिसाला, त्या सहादूला विचारलं. तो निरागसपणे म्हणाला, "मावशी, पडदा ओढताना पाहुणे, कोनशिला आणि पाठीमागं रॅम्प, सगळं एका फोटोत यायला पाहिजे ना."

फोटो आजच्या पेपरात आलाय. सगळं एका फोटोत आलंय.

पाहुण्यांनी पडदा ओढला, नारळ फोडला आणि कोनशिलेच्या कडेनं अंग तिरकं करून ते उतारावर चढले. वर जाऊन म्हणाले, "किती सोपा चढ आहे." मग ज्ञानेशला बोलावलंत. नवीन शर्ट घातला होता त्यानं. पुढचं चाक चौथऱ्याच्या बाजूनं गेलं. मागची दोन चाकं रेलिंग आणि चौथऱ्यामध्ये अडकली. त्यानं मागे घेऊन पुन्हा लावून पाहिलं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं. सगळे बघत होते, म्हणून तो घाईघाईनं करत होता आणि घाईनं आणखी अडकत होता.

तेवढ्यात गोरक्ष हातमोजे घालूनच धावत आला. "ग्यानूभाऊ, सोड, गाडीसकट उचलतो तुला. मी आहे आणि दोघं-तिघं."

"नको."

"अरे काय नको? मॅच सुरू होईल."

"तू जा. त्यांचा नऊ नंबर डाव्या पायाचा आहे, ध्यानात ठेव."

गोरक्षला रेफरीनं शिट्टी मारून बोलावलं, म्हणून तो गेला. ज्ञानेश उलटा बाहेर आला. मागे उभे असलेले लोक ओरडत होते, "गाडी बाजूला घ्या, आत जायचंय." तेव्हा तू आलास आणि म्हणालास, "आक्का, उद्याच्या उद्या हलवतो."

आज तो उद्या आहे. मी सकाळी जाऊन पाहून आले.

सुवर्णा


१७ ऑगस्ट २०००

दीपक,

अखेर तुझं उत्तर आलं, तेही मंडळाच्या छापील कागदावर. पहिला मुद्दा, उद्घाटन झालेली कोनशिला हलवली तर पाहुण्यांचा अपमान होतो. दुसरा, मैदानावर येणारा अपंग एकच आहे आणि एकासाठी तोडफोड करायला कार्यकारिणी तयार नाही. तिसरा मुद्दा तू हातानं लिहिलास: "दादांच्या नावावर पहार घालायची का? हे तू मला सांगतेस, आक्का?"

क्रमानं घेते.

पाहुण्यांना तुमची कोनशिला आठवतही नसेल. त्यांनी त्या महिन्यात किती पडदे ओढले ते त्यांच्या ड्रायव्हरला विचार.

एकच अपंग येतो, कारण बाकीचे येऊ शकत नाहीत, आणि जो येतो तोही येऊ शकत नाही. विहिरीवर दगड ठेवायचा आणि म्हणायचं, पाण्याला कुणी येत नाही. सोमा आठवतो? तुमच्याच संघाचा फुलबॅक. पिंपळगावला टेम्पोखाली पाय गेला. कुबड्यांवर यायचा तुमचे सामने पाहायला. पायऱ्यांवर एकदा पडला, पुन्हा आला नाही. ज्याच्या नावानं तुम्ही घोषणा दिल्यात, त्याची आठवण तुमच्या एकाही सभेत निघाली का?

आता शाल. तेव्हा विचारू नकोस म्हणाले होते, आता न विचारता सांगते. सत्काराच्या दिवशी ज्ञानेशला लघवीला जायचं होतं. त्यानं दोनदा हात वर केला. तुमचे चौघं उचलणारे पेनल्टी पाहायला खाली गेले होते. स्टेजवर, तुमच्या सगळ्यांच्या पाठीमागे, माझ्या बत्तीस वर्षांच्या मुलाला बसल्या जागी झालं. त्यानं ते तुमच्या शालीनं झाकलं. घरी येईपर्यंत शाल मांडीवरून काढली नाही. म्हणून तो म्हणतो, मला उचलू नका. तुला तो हट्ट वाटला असेल.

आणि दादांचं नाव. दादा फाटकाशी उभे राहिले ते फाटक उघडावं म्हणून. तू त्यांना फाटकात उभं केलंयस, ते अडावं म्हणून.

सध्या त्या उतारावरून तुमच्या सभासदांच्या स्कूटर आत जातात. स्कूटर कडेनं बसते. अंतिम सामन्याला तर वर सात-आठ लावलेल्या होत्या, असं लंकाबाई म्हणाली.

सुवर्णा


११ फेब्रुवारी २००१

दीपक,

तुझ्या कानावर गेलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण बाकीचे म्हणतील म्हातारीला वेड लागलं.

हो, मी पहार घेऊन गेले. दादांचीच, मळ्यातली. दुपारी मैदान रिकामं असतं. पहार उचलून नेताना दोनदा रस्त्यात बसावं लागलं. चौथऱ्याच्या कोपऱ्यावर पहिला घाव घातला तर पहारच हातातून उडाली, दगडाला ओरखडाही नाही. लंकाबाई शेंगांची पाटी टाकून आली.

"आक्का, या वयात हे काय मांडलंय?"

"तू घालतेस का घाव? घालत असशील तर बोल."

"मी घातला असता. पण मला उद्या इथंच बसायचंय. तुमचा भाऊ आधी माझी पाटी उचलंल."

खरं होतं तिचं. मी पुन्हा पहार उचलली. तेवढ्यात ज्ञानेश आला. कुणीतरी बूथवर जाऊन सांगितलं असणार. आला तो सरळ गाडी माझ्या आणि चौथऱ्याच्या मध्ये घातली.

"बाजूला हो," मी म्हटलं.

"आई, आजोबांचं नाव आहे त्याच्यावर."

"म्हणूनच फोडतेय."

"त्यांचं नाव दुसरं कुठं लिहिलंय सांग. मळा विकला, घर पाडलं. एवढंच आहे. ते माझ्यापायी फुटायला नको."

"आणि तुझं काय?"

"मी बाहेर बसतो की." मग हसला, तेच हसणं, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. "सवय झालीय."

मी त्याच्यावर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही, लंकाबाईनं ऐकलं तेवढं पुरे. तो ऐकून घेत राहिला आणि गाडी मात्र हलवली नाही. शेवटी मीच पहार टाकली. त्यानं ती गाडीत आडवी ठेवली आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून तो मैदानाच्या बाजूला गेलेला नाही. बाहेरही बसत नाही. बूथवर पोरं येऊन सांगतात, ग्यानूभाऊ, अंबडनं तीन मारले. हा म्हणतो, "फोन करायचाय का? नसेल तर लाइन मोकळी ठेवा."

एक गोष्ट तुला कळायला हवी. तुझा दगड कुणी वाचवला, तर ज्याला त्या दगडानं बाहेर ठेवलं त्यानं. मला याहून जास्त लिहिता येत नाही. यापुढे लिहिणार नाही.

सुवर्णा


२९ डिसेंबर २००३

दीपक,

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहावं लागतंय, कारण एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे मागावी कळत नाही. शेवटी मागते. आधी बाकीचं.

गेल्या आठवड्यात लंकाबाई भेटायला आली. म्हणाली, "आक्का, दगड हालला." थंड पेयाच्या कंपनीनं तुम्हाला चषकासाठी पैसे दिले आणि भलामोठा फ्रिज दिला. फ्रिज वर न्यायचा तर कोनशिला मध्ये येत होती. दोन गवंडी आले, त्यांनी सकाळी दगड सोडवला, दुपारी भिंतीला लावून बसवला. एक अक्षर दुखावलं नाही. दादांचं नाव आहे तसं आहे, फक्त आता ते भिंतीवर आहे आणि उतार मोकळा आहे. माणसाला पायऱ्या चढता येत नाहीत हे तुम्हाला चार वर्षं पटलं नाही. फ्रिजला येत नाहीत, हे तुम्हाला बघताक्षणी पटलं.

मी ज्ञानेशला सांगितलं. वाटलं होतं, चेहरा फुलेल. तो म्हणाला, "बरं झालं."

"चल ना मग. रविवारी फायनल आहे."

त्यानं उजवा हात वर करून दाखवला. खांद्याच्या वर जात नाही. तुला कुणी सांगितलं नसेल. आयुष्यभर पेडल मारून दोन्ही खांदे झिजलेत. डॉक्टर म्हणाले, पायांचं काम हातांकडून इतकी वर्षं करून घेतलंत, आता ते थकले. घरातून बूथपर्यंत कसाबसा जायचा. आता तेही जाणं नाही, कारण बूथवर कुणी येत नाही, ज्याच्या त्याच्या खिशात फोन आलाय.

"मी ढकलते," मी म्हटलं.

"आई, मला माझ्या हातांनी जायचं होतं."

"मग माझ्या हातांनी जा. काय बिघडलं?"

"आणि तिथं जाऊन कुणाला पाहू? गोरक्ष निफाडला गेला द्राक्षांवर. कारखानाच बंद पडला, तर संघ कुठला? आता खेळणारी पोरं माझ्या ओळखीची नाहीत." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दीपक, ही चार वर्षं त्याच्या हातात बळ होतं. तो त्या उतारावरून रोज चढला असता. मला तुझ्यावर चिडायचं होतं, पण सापडलं नाही मला ते चिडणं. घरभर शोधलं म्हण.

रविवारी मी त्याला न सांगता रिकामी गाडी बाहेर काढली. कशासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ढकलत ढकलत मैदानापर्यंत नेली. लंकाबाई म्हणाली, "ग्यानूभाऊ कुठं हाय?"

"घरी."

"मंग गाडी कशाला आणली?"

"उतार कसा आहे ते बघायला."

तिनं पाटीतून शेंगा काढल्या आणि सीटवर ठेवल्या. पैसे घेतले नाहीत.

उतारावर मी गाडीला जोर लावला आणि फसले. जोर लागलाच नाही. म्हातारीच्या हातानं गाडी सुरसुर वर गेली. मला कठीण जाईल असं वाटलं होतं. कठीण गेलं असतं तर बरं झालं असतं.

झेंड्याजवळ गाडी लावली आणि शेजारी उभी राहिले. तुमचा एक बिल्लेवाला आला. "आजी, इथं पार्किंग नाही."

"पार्किंग नाही हे. एकाची जागा आहे."

"पण माणूस कुठंय?"

तो स्टेजकडे बघायला लागला, आणि मग तू खाली उतरून आलास. किती पांढरा झाला आहेस. फेटा हातात होता. तुला वाटलं असेल मी पाहिलं नाही. पाहिलं. तू त्याला हातानंच जा म्हणून सांगितलंस. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलास आणि हँडलवर हात ठेवलास, मुठीची रबरं जिथं ज्ञानेशच्या हातांनी गुळगुळीत झालीत तिथं. सामना संपेपर्यंत तो काढला नाहीस. बक्षिसासाठी माइकवर तुझं नाव पुकारत होते, तरी नाही.

तू काही बोलला नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. बोलला असतास तर मी काय बोलले असते, ते दोघांनाही ऐकवलं नसतं. तुला माफ केलं, असं या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही. शोधू नकोस.

घरी आले. गाडी आत घेताना चाकाला लागलेला मुरूम दारात सांडला. ज्ञानेशनं तो पाहिला. शेंगा दिल्या, त्यातल्या चार-दोन खाल्ल्या. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यानं विचारलं, "कोण जिंकलं?"

त्या पहारीच्या दिवसानंतर त्यानं हे पहिल्यांदा विचारलं, दीपक.

आणि मला सांगता आलं नाही. मी पूर्ण वेळ मैदानाच्या कडेला उभी होते आणि एकदाही चेंडूकडे पाहिलं नव्हतं. मी त्या सीटकडे बघत होते. लोक ओरडले तेवढं ऐकलं. मी म्हटलं, "लक्ष नव्हतं रे." तो म्हणाला, "असू दे," आणि डोळे मिटले.

तू तिथं होतास. तुझं लक्ष असेल. कोण जिंकलं, गोल किती झाले, कुणी मारले, कुठल्या बाजूनं, कुठल्या पायानं, सगळं नीट लिही. अर्धवट लिहू नकोस, तो अर्धवट ऐकून घेत नाही. मंडळाच्या कागदावर लिहू नकोस. आणि टपालानं उशीर होईल, तेव्हा स्वतः आणून दिलंस तरी चालेल. दार लोटलेलं असतं, कडी नसते.

आक्का